लांबच्या ओळीतलं जाळं

टेलरबाई पाखरांच्या प्रेमापोटी पाखरखोलीत आली असं कुणी सांगितलं, तर त्याला खुशाल खोटारडा म्हणा. प्रेम मागाहून आलं, तेही चोरपावलांनी, आणि आल्याचं तिनं कधी कबूल केलं नाही. ती आली डूख धरून. साप निदान फुत्कारतो तरी. टेलरबाई गुमान पिशव्या शिवत बसली.

पाखरखोली म्हणजे गावाबाहेर, पाणी शुद्ध करायच्या टाक्यांच्या मागे, दलदलीच्या काठावर असलेली एक पत्र्याची खोली. आत एक लांब टेबल, दोन बाक, वजनकाटा आणि खिळ्यांना टांगलेल्या कापडी पिशव्या. थंडी सरली की दूरच्या उबदार मुलखातून उत्तरेकडे निघालेली बारकी गाणारी पाखरं या दलदलीतल्या बोरूत, म्हणजे उंच दाट वेताळ गवतात, उतरतात, पोटभर किडे खातात आणि पुढची वाट धरतात. त्या दिवसांत खोलीची माणसं पहाटे बोरूमधल्या वाटांवर केसासारखी बारीक काळी जाळी ताणतात. पाखरू अडकलं की सोडवून पिशवीतून खोलीत आणायचं, पायात नंबराची कडी घालायची, पंख मोजायचा, वजन करायचं आणि खिडकीतून सोडून द्यायचं. पुढे ते कुठल्या परमुलखात कुणाच्या हाती लागलं, तर कडीवरून त्याचा माग लागतो. या कामाला पगार नाही, डास मात्र मुबलक. तरीही माणसं येतात. टाक्यांवरचा पंपवाला यायचा, एक निवृत्त नर्स यायची, आणखी दोनचार हौशी लोक. या सगळ्यांचा म्होरक्या होता घड्याळजी.

घड्याळजीचं बाजारात घड्याळदुरुस्तीचं दुकान. खाली दुकान, वर घर. कड्या घालायची पक्कड त्यानं स्वतः कानस मारून बनवलेली. बोलणं गोड, चालणं ताठ, आणि हा माणूस कधी चुकत नाही अशी गावभर ख्याती. न चुकणाऱ्या माणसांची एक गंमत असते. त्यांच्या वाटच्या चुका दुसऱ्या कुणाला तरी कराव्या लागतात.

त्या वाटणीला टेलरबाईचा नवरा आला. तो पेंटर होता. घरं रंगवायचा, दुकानांच्या पाट्या रंगवायचा, आणि शिडीवर उभं राहून अशी शीळ घालायचा की खालचे लोक झाडात पाखरू शोधायचे. पाखरखोलीत तो अगदी सुरुवातीपासूनचा. बाई तेव्हा तिकडे फिरकायचीही नाही. "पाखराच्या पायात कडी घालायला जाताय, घरच्या दाराची कडी कधीची मोडलीय ती बघा," एवढाच तिचा त्या शास्त्राशी संबंध.

आता जाळी बंद कशी करतात ते सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्यावरच घडलं. ऊन चढलं की जाळ्याच्या दोऱ्या एकत्र ओढायच्या, जाळं पिळून गुंडाळायचं आणि जागोजाग कापडाच्या पट्ट्यांनी घट्ट बांधायचं. नुसतं गुंडाळून सोडलं तर वारा ते उलगडतो. मग खोलीवर कुणी नसताना पाखरं त्यात पडतात, आणि सोडवायला कोणीच येत नाही.

असंच एका मोसमाच्या शेवटाला झालं. सकाळी माणसं पोचली तर लांबच्या ओळीतलं जाळं सताड उघडं, आणि त्यात रांगेनं मेलेली पाखरं, दोरीवर वाळत घातलेल्या मोज्यांसारखी लोंबत असलेली. कुणी तरी रडलं. कुणी तरी विचारलं, काल ही ओळ कोणाकडे होती? घड्याळजी म्हणाला, "पेंटरकडे."

पेंटर म्हणाला, "अहो, मी जवळची बांधली. लांबचं मी बघतो असं तुम्हीच म्हणालात."

"मी?" घड्याळजी एवढंच म्हणाला. पुढे काही बोलायची त्याला गरजच नव्हती. लोकांनी दोघांची तोंडं पाहिली आणि निकाल लावला. पेंटर हा एक गोष्ट दोनदा न सांगणारा माणूस. एकदा सांगितलं, नाही पटलं, टोपी उचलली आणि घरी आला. त्यानंतर खोलीत दोन नियम झाले, दोन्ही घड्याळजीनंच केलेले. ज्याच्या हातून जाळं उघडं राहील त्यानं पुन्हा पाखराला हात लावायचा नाही. आणि जाळं बांधून झालं की बांधणाऱ्यानं पहिल्या खांबाला आपल्या रंगाचा कपड्यांचा चिमटा लावायचा, म्हणजे पुन्हा कुणाला नाकबूल जाता येणार नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा, अगदी नियम बांधून मारलेल्या.

गाव तर काय, टपूनच असतं. पेंटरचं नाव पाखरमाऱ्या पडलं. शिडीखालून जाताना पोरं चिवचिव करायची. एका गिऱ्हाइकानं रंग ठरवताना हसत सांगितलं, "जरा जपून हं, आमच्याकडे पिंजऱ्यात पोपट आहे." लेकीला शाळेत पोरं "पाखरं कुणी मारली गं?" म्हणून विचारायची, आणि कुणी डबा खायला शेजारी घेईना. पेंटरनं यातलं काहीच मनावर घेतल्याचं दाखवलं नाही, फक्त शीळ घालायची सोडली. शिडीवर मुकाट रंग मारत राहिला, आणि काही वर्षांनी छातीच्या दुखण्यानं गेला. डॉक्टर म्हणाले, रंगाच्या वाफा. बाई म्हणाली, "वाफांना कशाला नावं ठेवता? मला विचारा, मी सांगते नाव."

तरी ती सोडूनही देती. माणूस गेल्यावर पुष्कळ गोष्टी आपोआप सैल होतात. पण घड्याळजी भेटायला आला. खुर्चीच्या कडेला बसला, हातातली टोपी फिरवत राहिला आणि उठताना म्हणाला, "फार चांगला माणूस. एक चूक सोडली तर."

त्या क्षणी टेलरबाईनं मनाशी गाठ मारली. याला चुकताना पकडायचं. लोकांदेखत पकडायचं, आणि याच्याच तोंडून वदवून घ्यायचं की तेव्हाचं जाळं याचं होतं. माझ्या माणसाचं नाव धुऊन निघालं पाहिजे, आणि ते ज्यानं मळवलं त्यानंच धुतलं पाहिजे.

खोलीत शिरायला तिला निमित्त मिळालं पिशव्यांचं. खोलीतल्या पिशव्यांची शिवण आत होती, सुटलेल्या धाग्यांत पाखरांची नखं अडकायची. बाईनं उलट्या शिवणीच्या पिशव्या शिवून दिल्या, आत सगळं गुळगुळीत. मग फाटलेली जाळी रफू करायला लागली. मग एकदा माणसं कमी पडली तेव्हा पाखरं सोडवायला लागली, आणि तिथे तिच्या बोटांनी घड्याळजीच्या बोटांनाही मागे टाकलं. पाखरू जाळ्यात जसं शिरलं त्याच वाटेनं त्याला मागे आणायचं असतं. आधी पाय, मग पंख, मग मान. गुंतलेला दोरा उलट्या क्रमानं सोडवणं यातच जिचा जन्म गेला तिला हे काय शिकवायचं? सगळ्यात अवघड अडकते ती जीभ. जिभेच्या मागच्या बाजूला बारीक काटे असतात, पाखरू ओरडलं की त्यामागे धागा जातो, आणि मग ओढाल तितकं ते रुततं. जीभ अडकली की खोलीत एकच हाक व्हायची, "टेलरबाईंना बोलवा!"

ती यायची, चष्मा नाकावर ढकलायची, आणि मुठीतल्या जिवाला झाडायला लागायची. "ओरडतोस कशाला? वटवट्या नाव ठेवलंय म्हणून वटवट केलीच पाहिजे का? थांब मेल्या, सोडवते." मोसमाच्या शेवटी येतात त्या बहुतेक माद्या, नर कधीच पुढे पळालेले असतात, जागा अडवायला. बाईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "सगळीकडे तेच. बाप्ये पुढे, आणि मागची आवराआवर बायकांकडे." पण त्या उशिराच्या माद्यांना ती झाडायची नाही. त्यांना खिडकीशी नेऊन, तळवा उघडून, उडेपर्यंत उभी राहायची. हेच ते चोरपावलांनी आलेलं.

मुख्य कामात मात्र तिच्या पदरी काहीच पडेना. मोसमामागून मोसम गेले. ती रोज घड्याळजीचे चिमटे बघायची. त्याचा लाल. लाल चिमट्याचं प्रत्येक जाळं ती जाताजाता चाचपून पाहायची, आणि प्रत्येक पट्टी घट्ट असायची. "एवढा कसा रे चुकत नाहीस," ती मनात दात-ओठ खायची. त्याचे केस पिकले, पाठ वाकली, बोटं थरथरायला लागली, पण पट्टी काही सुटेना. बाईला भीती वाटायला लागली की हा न चुकताच मरून जाईल.

आणि मग तो मोसम आला. बोरूतला गलबला ओसरला, सकाळच्या फेरीला जाळी रिकामीच लोंबायला लागली. उद्या शेवटची सकाळ. उद्या खांब काढायचे, जाळी धुवायची, आणि घड्याळजीचा निरोप. आता हातानं होत नाही असं त्यानंच सांगितलं होतं. बाहेरगावच्या मोठ्या केंद्रातले पाहुणे येणार होते, त्याच्याबद्दल चार शब्द बोलणार होते. न चुकलेल्या आयुष्याबद्दल. त्या दिवशी ऊन चढल्यावर तो म्हणाला, "लांबची ओळ आज मी बांधतो. शेवटचीच." कुणी नाही म्हटलं नाही.

संध्याकाळी टेलरबाईच्या लक्षात आलं की चष्मा खोलीतच राहिलाय. चष्म्याशिवाय सुईत दोरा जात नाही, म्हणून ती चरफडत परत गेली. चष्मा टेबलावर होता. तो चढवून ती बाहेर आली, आणि सवयीनं, निव्वळ सवयीनं, लांबच्या ओळीकडे वळली.

पहिल्या खांबाला लाल चिमटा होता. जाळं गुंडाळलेलं होतं, पण पट्ट्या नव्हत्या. पट्ट्यांचं पुडकं खांबाच्या बुडाशी गवतात पडलेलं. काय झालं असेल ते तिला लख्ख दिसलं. कुणी तरी हाक मारली असेल, उद्याच्या खुर्च्यांचं किंवा चहाचं विचारायला. म्हाताऱ्यानं आधी चिमटा लावला, पट्ट्या मग बांधतो म्हणाला आणि तसाच गेला. वाऱ्यानं जाळं निम्मं उलगडलं होतं. आत अजून एकही पाखरू नव्हतं. पण सूर्य कलला होता, आणि हीच वेळ पाखरं रात्रीपुरती बोरूत उतरायची.

बाई तिथे उभी राहून हसली. खोटं कशाला सांगा, हसली. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते जाळं वाऱ्यावर हलत होतं, आणि त्यावर त्याच्या रंगाचा चिमटा, त्याच्याच नियमानं लावलेला.

तिच्या मनात पहिल्यांदा आलं की काही करायचंच नाही. घरी जायचं, झोपायचं. सकाळी पाहुण्यांदेखत सगळं समोर येईल. मग तिनं विचार केला, सकाळी काय होईल? म्हातारा रडेल. लोक म्हणतील, वय झालं हो, विसरला बिचारा. नर्स पाणी आणून देईल. बिचारा! पेंटरला कुणी बिचारा म्हटलं नव्हतं. आणि जुन्या जाळ्याचं तर नावही निघणार नाही. छे. त्याला आत्ता इथे आणायचं, या खांबाशी उभं करायचं आणि बोलायला लावायचं.

एक पट्टी बांधली असती तरी जाळं मिटलं असतं. पट्ट्या पायाशीच होत्या. पण मग त्याला दाखवायचं काय? बांधलेलं जाळं? बाईनं जाळ्याला हात लावला नाही. तशीच तरातरा गावाकडे निघाली.

घड्याळजी वरच्या खोलीत दिव्याखाली बसून उद्याच्या बुटांना पॉलिश करत होता. भिंतीवरची घड्याळं टिकटिकत होती, प्रत्येक आपल्या तालात.

"लांबची ओळ उघडी आहे," बाई दारातूनच म्हणाली.

"नाही हो. मी बांधली."

"चिमटा लावलात. पट्ट्या कुठे बांधल्यात?"

त्याचा ब्रश थांबला. तोंड असं झालं की बाईला पोटभर जेवल्यासारखं वाटलं. मग तो म्हणाला, "तुम्ही बांधलीत ना येताना?"

"माझा चिमटा नाही त्याला. मी कशाला बांधू?"

तो उठला. तसाच सपाता घालून जिना उतरला. वाटेत तो धावायचा प्रयत्न करत होता, आणि बाई त्याच्या बरोबरीनं, सावकाश, जुना हिशेब वसूल करायला निघालेलं माणूस चालावं तशी चालत होती.

पोचले तेव्हा उजेड होता, पण पिवळा पडलेला. जाळं आता पूर्ण उघडलं होतं, आणि त्यात तीन पाखरं होती. घड्याळजी पहिल्याशी गेला. त्याची बोटं पानांसारखी थरथरत होती, पण कसब जात नाही माणसाचं. पहिलं सुटलं, उडालं. दुसऱ्याला वेळ लागला, तेही सुटलं. तिसरं होतं एक लहानसं, जाळ्याच्या खालच्या झोळात, धाग्यांची पार गुंडाळी करून बसलेलं. तो गुडघ्यांवर बसला, पाहिलं आणि म्हणाला, "टेलरबाई, जीभ अडकलीय. या."

बाई हाताची घडी घालून उभी होती. तिनं ती सोडली नाही.

"आधी सांगा," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"तेव्हाचं जाळं कोणाचं होतं?"

त्यानं वळून पाहिलं. "ही वेळ आहे का बाई? आधी पाखरू."

"माझ्या माणसाच्या वेळी कोणी वेळ पाहिली होती? आधी जाळं."

पाखरू फडफडत होतं. म्हाताऱ्यानं स्वतःच बोट घालून पाहिलं, थरथरीनं धागा आणखी आवळला, पाखरू चिरकलं आणि त्यानं हात मागे घेतला. "तुमच्या पाया पडतो. हिला सोडवा. मग हवं ते विचारा."

"मग तुम्ही सांगणार नाही. मी ओळखते तुम्हाला. गोड बोलाल आणि घरी जाल. आत्ता सांगा."

फडफड कमी झाली. बाईला ते दिसत होतं. चष्मा डोळ्यांवर होता, सगळं स्वच्छ दिसत होतं. तिच्या बोटांना काम कळत होतं, आधी वरचा धागा, मग काडीच्या टोकानं मागचा, दोन श्वासांचं काम. तिनं बोटं काखेत आणखी घट्ट दाबली.

"माझं होतं," घड्याळजी म्हणाला.

"मोठ्यानं."

"माझं होतं! लांबची ओळ माझी होती. पेंटर खरं सांगत होता." तो खाली मान घालून भराभर बोलायला लागला. "मी मुद्दाम नाही केलं, बाई. त्या सकाळी मला खरंच वाटलं होतं, त्याच्याकडेच दिली होती म्हणून. दुपारी दुकानात बसलो आणि आठवलं. पट्ट्या माझ्या खिशात निघाल्या. तोवर बोलून गेलो होतो. वाटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी गेलो तर लोक नियम काय करायचा ते विचारत होते. मग रोज वाटायचं, आता सांगून काय उपयोग."

"आणि 'एक चूक सोडली तर'? ते काय होतं?"

"ते..." त्यानं पाखराकडे पाहिलं. "ते बोलायला नको होतं."

बाईनं हाताची घडी सोडली. खाली बसली, पाखरू मुठीत घेतलं. वरचा धागा काढला. मागचा काढला. जीभ मोकळी झाली. पाखरू उबदार होतं, आणि मान एका बाजूला सहज वळत होती, वळू नये इतकी सहज. तिनं छातीवर बोट ठेवलं. दुसऱ्यांदा ठेवलं. मग चोचीवर फुंकर घातली, जशी मरगळलेल्या पाखरांवर घालतात. मग तळवा उघडून धरला.

ती मादी होती. उशिराची.

"उशीर झाला," घड्याळजी हळूच म्हणाला. कोणामुळे ते तो म्हणाला नाही. त्यानं पट्ट्या उचलल्या आणि एकेक करून सगळं जाळं बांधलं. प्रत्येक गाठीला त्याला बराच वेळ लागला, आणि बाई त्याला मदत करायला उठली नाही.

सकाळी खोलीसमोर खुर्च्या मांडल्या होत्या. पाहुणे आले, चहा झाला, पंपवाल्यानं नवा सदरा घातला होता. टेबलावर, कापडावर, ते पाखरू ठेवलेलं होतं. घड्याळजीनंच ठेवलं होतं. पाहुण्यांपैकी एकजण त्याच्या गौरवाचं बोलायला उठला तेव्हा घड्याळजीनं हात वर केला आणि स्वतः उभा राहिला.

"हे पाखरू काल लांबच्या ओळीत जीभ अडकून गेलं. ती ओळ मी बांधायची विसरलो. चिमटा माझा आहे." कुणी तरी चुकचुकलं, त्यानं तिकडे पाहिलं नाही. "आणि मागे एकदा याच ओळीत खूप पाखरं गेली होती. तेव्हाही ओळ माझीच होती. मी पेंटरचं नाव घेतलं. तो खरं बोलत होता. मला ते त्याच दिवशी कळलं होतं, आणि मी गप्प बसलो." मग त्यानं खिशातून पक्कड काढली आणि पाखराशेजारी ठेवली. "नियम आहे. आजपासून मी हात लावणार नाही."

मग सगळ्यांच्या माना टेलरबाईकडे वळल्या. नर्सनं येऊन तिचे दोन्ही हात धरले. पंपवाला रडायलाच लागला, कारण त्यानंही कधी काळी चिवचिव केली होती. जे जे मनाशी मागितलं होतं ते सगळं घडत होतं, लोकांदेखत, त्याच्याच तोंडून, पाहुण्यांसकट. बाईनं या क्षणासाठी वर्षानुवर्षं वाक्यं तयार ठेवली होती, चांगली धारदार, मशीनवर बसून घासून घासून ठेवलेली. त्यातलं एकही तोंडात येईना.

पंपवाल्यानं नाक पुसलं आणि अगदी साध्या मनानं विचारलं, "पण टेलरबाई, काल संध्याकाळी तुम्हा दोघांना तिकडे जाताना मी टाकीवरून पाहिलं, तुम्ही होतात ना तिथे? जीभ अडकलेली तुमच्या हातून कधी गेली नाही."

सांगायला एकच वाक्य पुरलं असतं. मी उभी राहून बघत होते. बाईनं घड्याळजीकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता, आणि त्याच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर ती बोललीही असती.

"मी हात घातला तेव्हा उशीर झाला होता," ती म्हणाली.

"हो," घड्याळजी म्हणाला. "उशीर झाला होता."

आणि तो बसला. त्यानं तिला झाकलं होतं, लोकांदेखत, त्यानं, आणि ते फक्त त्या दोघांना ठाऊक होतं. त्याला फाडून खायला निघालेल्या बाईला यापेक्षा मोठी चपराक कुणी मारली नसती. पुढे काय काय बोलणं झालं ते तिला नीट ऐकूच आलं नाही. पुढच्या मोसमापासून खोली तुम्ही सांभाळा, असं पाहुणे म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी तरी पक्कड उचलून तिच्या हातात दिली, आणि तिनं ती घेतली.

दुपारी लेक आली. दुसऱ्या गावी असते ती, बातमी कळताच मिळेल त्या बसमध्ये बसली होती. दारातच तिनं आईला मिठी मारली, ती काही केल्या सोडेना. "आई, बाबा सुटले! अगं, बाबा सुटले! कसं बोलायला लावलंस त्याला?"

"विचारलं. त्यानं सांगितलं."

"इतकी वर्षं विचारलं नव्हतंस होय?" लेक हसत होती, रडत होती, बापाच्या नावानं काय काय बोलत होती. सगळं बोलून झाल्यावर ती पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं, आणि लहानपणापासून जो प्रश्न तिला दुसरे विचारत आले होते तो तिनं, आता कशाचीच भीती नाही अशा मोकळ्या आवाजात विचारला.

"आणि कालचं ते पाखरू? ते कुणी मारलं?"

टेलरबाईनं खिडकीबाहेर पाहिलं. मग लेकीकडे पाहिलं.

"घड्याळजीनं," ती म्हणाली.